कैदी म्हणून आले, फॅरो म्हणून राहिले!

तीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तच्या सिंहासनावर लिबियन वंशाचे राजे बसले. हे राज्य त्यांनी लढाई मारून जिंकलं नव्हतं. आधी युद्धकैदी, मग शिपाई, मग सरदार, व्याही आणि शेवटी फॅरो… नदीच्या गाळातून उभ्या राहिलेल्या राजधान्यांची आणि एका मोठ्या घराण्यातल्या भाऊबंदकीची ही गोष्ट.

कोलकात्याचं सॉल्ट लेक म्हटलं की फुटबॉलवेड्यांना आठवतं ते १९८४ साली उभं राहिलेलं भव्य स्टेडियम आणि नोकरदारांना आठवतात सेक्टर फाइव्हमधल्या कॉम्प्युटर कंपन्या. पण या आखीवरेखीव वस्तीच्या पायाखाली काय आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? सॉल्ट लेक उभं आहे ते चक्क गाळावर!

पूर्वी इथे खाऱ्या पाण्याची दलदल होती. भरतीचं पाणी विद्याधरी नदीतून इथवर यायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती नदी गाळाने भरून निकामी झाली. पुढे फाळणी झाली, पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले आणि कोलकात्याला जागा पुरेना. तेव्हा मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी दलदल बुजवून नवं गाव वसवायचं ठरवलं. १९६२ साली काम सुरू झालं. हुगळीच्या तळाचा गाळ उपसायचा, तो पाण्याबरोबर नळांमधून आणायचा आणि इथे पसरायचा! हे काम युगोस्लाव्हियाच्या कंपनीने केलं, आराखडाही तिथल्याच दोब्रिवोये तोश्कोविच या नगररचनाकाराचा. त्याच वर्षी १ जुलैला डॉ. रॉय यांचं निधन झालं. पुढे या गावाला बिधाननगर हे नाव मिळालं ते त्यांच्या स्मरणार्थ.

त्रिभुज प्रदेशाची रीतच अशी. नदीने कूस बदलली की गाव उठतं, दुसरीकडे वसतं आणि नव्या गावात नवी माणसं येतात. कधी कधी तर ही नवी माणसं थेट सिंहासनावर जाऊन बसतात.

बंगालने हेही पाहिलेलं आहे. पंधराव्या शतकात गौडचा सुलतान रुकनुद्दीन बारबक शाह याने आफ्रिकेतून आणलेल्या हबशी गुलामांना फौजेत आणि दरबारात मोठ्या संख्येने जागा दिल्या. त्याच्यानंतर काही वर्षांतच, १४८७च्या सुमारास, राजवाड्यातल्याच माणसांनी सुलतानाचा खून केला आणि पुढची सहाएक वर्षं बंगालवर हबशी सुलतानांचं राज्य आलं. त्यांच्यापैकी सैफुद्दीन फिरोज शाहच्या नावाचा फिरोज मिनार मालदा जिल्ह्यात आजही उभा आहे. १४९३च्या सुमारास अल्लाउद्दीन हुसेन शाह गादीवर आला आणि हबश्यांची सद्दी संपली. आपल्याकडे मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दीही मूळचे आफ्रिकेतलेच. त्यांचं संस्थान मात्र थेट १९४८ सालापर्यंत टिकलं.

या साऱ्याच्या कितीतरी आधी, नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशात असंच घडलं होतं. फरक एवढाच, की गौडचे हबशी सहा वर्षांत संपले आणि नाईलकाठचे लिबियन दोनशेहून अधिक वर्षं राज्य करत राहिले!

पोटासाठी आले…

इजिप्तच्या पश्चिमेला पसरलेल्या वाळवंटात आणि समुद्रकाठच्या पट्ट्यात गुरं-मेंढरं राखणाऱ्या टोळ्या राहत. त्यातल्या दोन मोठ्या, लिबू आणि मेश्वेश. लिबिया हे नाव आलं ते या लिबूंवरून. अंगात लांब झगा, कपाळाच्या बाजूला सोडलेली वेणी आणि केसांत खोचलेलं पीस… इजिप्तच्या देवळांतल्या भिंतींवर लिबियन माणूस ओळखायचा तो या खुणांवरून.

इसवी सनपूर्व १२०८च्या सुमारास या टोळ्यांनी इजिप्तवर चाल केली. पण ही नुसती फौज नव्हती. बरोबर बायका होत्या, पोरं होती, गुरंढोरं होती. लुटून परत जायचं नव्हतं, राहायलाच यायचं होतं. पोट भरण्यासाठीच हे लोक लढत हिंडतात, असं खुद्द फॅरो मेर्नेप्ताह याच्या शिलालेखात म्हटलंय. त्याने त्यांचा पराभव केला आणि नऊ हजारांवर लोक कैद केले. पुढे तिसऱ्या रामसेसच्या काळात, इसवी सनपूर्व ११८० ते ११७४च्या सुमारास, आणखी दोन लढाया झाल्या. दोन्ही वेळा इजिप्तच जिंकला.

जिंकला खरा, पण हजारोंच्या संख्येने पकडलेल्या या माणसांचं करायचं काय? रामसेसने त्यांना डाग दिले, गढ्यांमध्ये वसवलं आणि सैन्यात घेतलं. त्यांना इजिप्तची बोली शिकवली, त्यांची स्वतःची बोली विसरायला लावली, याचा त्याला अभिमान होता. देवळाच्या भिंतीवर विजयाची चित्रं कोरली गेली. इजिप्तच्या लेखी प्रश्न मिटला होता.

तो मिटला नव्हता, घरात आला होता. गढ्यांमध्ये वसवलेल्या शिपायांची मुलं मोठी झाली, त्यांची मुलं झाली. पश्चिमेकडून आणखी माणसं येतच राहिली. फॅरोंची सत्ता मात्र दुबळी होत चालली होती. राज्य रोडावलं आणि पहारेकरी माजले, असं म्हणणं सोपं आहे. खरं तर राज्याचा सांभाळ करण्याइतकी ताकद उरली होती ती या पहारेकऱ्यांकडेच!

वडिलांच्या स्मरणासाठी अर्ज

याच सुमाराला नाईलनेही कूस बदलली. रामसेस राजांची पूर्वेकडची राजधानी पी-रामसेस नदीच्या ज्या फाट्यावर होती, तो फाटा गाळाने भरला. बंदरच बसलं, तेव्हा राजधानी ठेवून काय उपयोग? इसवी सनपूर्व १०६९च्या सुमारास टॅनिस या नव्या गावी राजे राहू लागले. जुन्या राजधानीतले पुतळे, खांब, प्रचंड शिळा उचलून इथे आणल्या गेल्या. गाव नवं, दगड जुने!

याच टॅनिसच्या गादीवर इसवी सनपूर्व ९९२च्या सुमारास ओसोर्कोन नावाचा राजा बसला. नावच सांगतं, की हा मूळचा इजिप्तचा नाही. त्याचा बाप मेश्वेशांचा मोठा सरदार होता. पाच-सहा वर्षांत त्याची कारकीर्द आटोपली. पण दार उघडलं गेलं होतं. त्याचाच पुतण्या शोशेंक इसवी सनपूर्व ९४५च्या सुमारास फॅरो झाला आणि लिबियन घराण्याची खरी राजवट सुरू झाली. ग्रंथांमध्ये हे बाविसावं राजघराणं म्हणून ओळखलं जातं.

हा शोशेंक राजा व्हायच्या आधीचा एक शिलालेख अबायडोस या तीर्थक्षेत्री सापडला आहे. त्यातली हकिकत मोठी बोलकी आहे. शोशेंक तेव्हा मेश्वेशांचा सरदारांचा सरदार होता. त्याचे वडील नामलोत यांच्या नित्यपूजेसाठी नेमून दिलेलं उत्पन्न तिथल्या कारभाऱ्यांनी लाटलं. शोशेंकच्या हाती फौज होती, मनात आणतं तर त्याने त्यांची डोकी उडवली असती. पण तो रीतसर राजाकडे गेला. राजाने अमुन देवाचा कौल लावला. कौल शोशेंकच्या बाजूने लागला, चोरांना शिक्षा झाली. मग वडिलांचा पुतळा अबायडोसला पाठवण्यात आला; पूजेअर्चेसाठी जमीन, बाग, सेवेकरी, धूप, तेल, सगळ्याची नेमणूक झाली.

ज्या माणसाच्या पूर्वजांना डाग देऊन या देशात ठेवलं होतं, त्याला आपल्या बापाचे दिवसवार इजिप्तच्या देवापुढे, इजिप्तच्या पद्धतीने व्हायला हवे होते. बापाची पदवी मात्र तो अभिमानाने मिरवतो, मेश्वेशांचा मोठा सरदार! देव नवे घेतले, नाव जुनं ठेवलं. लिबियन राजांचं सगळं मर्म या एका लेखात आहे.

शोशेंकने नातीही विचारपूर्वक जोडली. त्याच्या मुलाचं, पुढे पहिला ओसोर्कोन म्हणून राजा झालेल्याचं, लग्न आधीच्या राजाच्या मुलीशी झालं होतं. तिचं नाव मातकरे. जुनं राजघराणं नव्या राजाचं व्याही झालं, आणि गादी परक्याकडे गेली असं म्हणायची सोय उरली नाही.

जेरुसलेमची सोन्याची ढाल

शोशेंक हा फॅरो बायबलमध्येही भेटतो. तिथे त्याचं नाव आहे शिशक. सॉलोमन राजाच्या मृत्यूनंतर, त्याच्या मुलाच्या, रहबामच्या, पाचव्या वर्षी शिशक जेरुसलेमवर चालून आला आणि देवळाचा व राजवाड्याचा खजिना घेऊन गेला; सॉलोमनने घडवलेल्या सोन्याच्या ढालीही नेल्या, असं बायबल सांगतं. हे वर्ष इसवी सनपूर्व ९२५च्या सुमाराचं.

इजिप्तकडचा पुरावा कर्नाकच्या देवळात आहे. तिथल्या भिंतीवर शोशेंकने आपण जिंकलेल्या गावांची दीडशेच्या वर नावं कोरून घेतली. गंमत म्हणजे त्यातली जी नावं आज वाचता येतात, त्यांत जेरुसलेम नाही! पण मोहीम झाली याबद्दल शंका नाही. आजच्या इस्रायलमधल्या मेगिद्दो इथे १९२६ साली शोशेंकचं नाव कोरलेल्या शिळेचा तुकडाच हाती आला. दोन शतकांहून अधिक काळानंतर इजिप्तचा एक राजा पुन्हा आशियात जरब बसवत होता आणि तो होता लिबियन!

मांजरदेवीचं गाव

या घराण्याचं मूळ गाव बुबास्टिस. तेही नाईलच्या त्रिभुज प्रदेशातच, आजच्या झगाझिग शहराजवळ. इथली ग्रामदेवता बास्तेत, मांजराच्या रूपातली. बंगालमध्ये मुलांचं रक्षण करणाऱ्या षष्ठीदेवीचं वाहन मांजर आहे. आपल्याकडे तीच षष्ठी बाळाच्या पाचवी-सहावीला सटवाई होऊन येते. बास्तेतही घराला आणि बायका-मुलांना सांभाळणारी देवी. तिच्या जत्रेचं वर्णन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इसवी सनपूर्व पाचव्या शतकात केलं आहे. बायका-पुरुष नावा भरभरून गात, टाळ्या पिटत येत आणि वर्षभरात जेवढी द्राक्षाची दारू पीत नसतील तेवढी या एका जत्रेत पीत, असं तो लिहितो.

लिबियन राजांनी हे देऊळ वैभवाला नेलं. दुसऱ्या ओसोर्कोनने इथे लाल ग्रॅनाइटचा दरवाजा बांधला आणि आपल्या राज्यारोहणाच्या महोत्सवाची सारी चित्रं त्यावर कोरून घेतली. त्यात त्याची राणी करोमामा आणि मुलीही दिसतात. याच काळातली आणखी एक करोमामा थिबिसला अमुन देवाची पत्नी म्हणून मानाने राहत होती. तिचा सोन्या-चांदीने मढवलेला ब्राँझचा देखणा पुतळा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इजिप्तची लिपी उलगडणाऱ्या शांपोलियोंने तो १८२९ साली विकत घेतला होता.

भावाने भावाचा हेवा करू नये

वैभव होतं, मग हे राज्य मोडलं कशाने? घरातूनच!

टोळीत सत्ता ही एकट्याची नसते, घराण्याची असते. सरदाराने आपल्या भावाबंदांना, मुलांना वाटा द्यायचा असतो. शोशेंकने राज्यही असंच चालवलं. एक मुलगा थिबिसला अमुनचा महापुजारी आणि दक्षिणेचा सेनापती, दुसरा मधल्या प्रांताचा अधिकारी. मुलं बापाच्या मुठीत असेपर्यंत ही व्यवस्था उत्तम चालली. पण महापुजाऱ्याचा मुलगाही महापुजारी होऊ पाहतो आणि सेनापतीचा मुलगा सेनापती. दोन-तीन पिढ्यांत जो तो आपापल्या प्रांताचा धनी होऊन बसला.

दुसऱ्या ओसोर्कोनला, म्हणजे इसवी सनपूर्व ८७२ ते ८३७च्या सुमाराच्या राजाला, हे दिसत होतं. टॅनिसला त्याचा गुडघे टेकलेला पुतळा सापडला आहे, हातात शिळा पुढे धरलेली. त्या शिळेवर त्याची देवाकडची प्रार्थना आहे. मी माझ्या मुलांना जी पदं दिली आहेत, ती त्यांच्याकडेच राहोत, असं मागणं तो मागतो आणि पुढे म्हणतो, भावाच्या मनात भावाविषयी हेवा नसो! तीन हजार वर्षांपूर्वीच्या फॅरोची ही प्रार्थना आजही कुठल्या बापाला आपली वाटणार नाही?

देवाने ती ऐकली नाही. पन्नास वर्षंही गेली नसतील, थिबिसच्या महापुजारीपदावरून यादवी पेटली. युवराज ओसोर्कोन फौज घेऊन थिबिसला गेला. बंडखोरांना त्याने जाळलं. त्याने स्वतःच ही सारी हकिकत कर्नाकच्या देवळात कोरून ठेवली आहे. पण बंड पुन्हा उठलं आणि वर्षानुवर्षं धुमसत राहिलं. दुसरीकडे स्वतंत्र राजे उभे राहिले. एका इजिप्तमध्ये एकाच वेळी दोन, मग तीन, मग चार राजे!

मासे खाणारे राजे

अखेर दक्षिणेकडून, आजच्या सुदानमधून, कुश देशाचा राजा पिये चालून आला. हे साल इसवी सनपूर्व ७२८च्या सुमाराचं. त्याची विजयगाथा कोरलेली शिळा १८६२ साली जेबेल बर्कल इथे सापडली. इजिप्तच्या इतिहासात इतकी रसाळ हकिकत सांगणारे लेख थोडे.

हर्मोपोलिसचा लिबियन राजा नामलोत वेढ्यानंतर शरण आला. पिये त्याचा राजवाडा पाहायला निघाला. खजिना पाहिला, पण रमला नाही. राण्या समोर आल्या, त्याने मानही वर केली नाही. मग तो तबेल्यात गेला. वेढ्याच्या काळात घोडे उपाशी राहिलेले पाहून मात्र तो कळवळला. तुझ्या साऱ्या अपराधांपेक्षा हा मोठा, असं त्याने नामलोतला सुनावलं.

एकेक करून सगळे शरण आले. शेवटी खंडणी घेऊन राजे पियेच्या दारी उभे राहिले, तर त्यांना आत घेईनात! कारण? त्यांची सुंता झालेली नव्हती आणि ते मासे खाणारे होते. असल्यांना राजाच्या घरात पाऊल ठेवता येत नाही. एकटा नामलोत शुद्ध, मासे न खाणारा, म्हणून तो आत गेला. बाकीचे बाहेर.

भेटकी, हिल्साच्या वासाने ज्यांची सकाळ उजाडते, त्या सॉल्ट लेककरांनी किंवा आपल्या कोकणवासीयांनी हे ऐकलं, तर त्यांची सहानुभूती कुणाकडे जाईल हे सांगायला नको! त्रिभुज प्रदेशात नदी, खाडी, तळी… तिथला माणूस मासे खाणार नाही तर काय खाणार? पण ताट पाहून माणसाची पायरी ठरवायची खोड तीन हजार वर्षांपूर्वीही होती. यातला विरोधाभास असा, की हे सोवळं सांगणारा पिये स्वतःही इजिप्तच्या बाहेरचाच. एक परका दुसऱ्या परक्याला सांगत होता, की खरा इजिप्शियन मीच!

त्याच शिळेवर शरण आलेले सरदार जमिनीवर पालथे पडलेले दाखवले आहेत. त्यांच्या डोक्यात काय आहे? पीस! पूर्वज कैद होऊन आले त्याला चारशेहून अधिक वर्षं झाली होती, तरी पीस गेलं नव्हतं.

घराण्याची वंशावळ

राज्य चाललं होतं, तरी आठवण जात नव्हती. त्र्यंबकेश्वरला किंवा पंढरपूरला गेल्यावर क्षेत्रोपाध्याय चोपडी उघडून आपल्या सात पिढ्यांची नावं वाचून दाखवतात, तसाच एक कागद, नव्हे दगड, इजिप्तमध्ये सापडला आहे. मेम्फिस या तीर्थस्थानी एपिस नावाचा पवित्र बैल मेला की त्याचा राजासारखा अंत्यविधी होई आणि भक्त तिथे आपल्या नावाची शिळा ठेवत. पाचव्या शोशेंकच्या सदतिसाव्या वर्षी, इसवी सनपूर्व आठव्या शतकात, पासेनहोर नावाच्या पुजाऱ्याने अशीच शिळा ठेवली. तिच्यावर त्याने आपली पंधराएक पिढ्यांची वंशावळ कोरली. बाप, आजा, पणजा… मध्ये चार राजे येतात, त्यांच्यामागे मेश्वेशांचे सरदार येतात आणि अगदी शेवटी येतो बुयुवावा, लिबियन!

पुजारी स्वतः पूर्ण इजिप्शियन झालेला, सेवा इजिप्तच्या देवाची, लिपी इजिप्तची. तरी मूळपुरुष लिबियन होता हे सांगताना त्याला संकोच वाटत नाही. आज इतिहासकार या घराण्याचा क्रम लावतात तो पुष्कळसा या शिळेच्या आधारे. फ्रेंच संशोधक मारिएतने ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शोधली. आता ती लूव्रमध्ये आहे.

खजिना सापडला, पण…

मग तुतनखामेनचं नाव पोरासोरांना ठाऊक आणि शोशेंकचं कुणालाच नाही, असं का? याला नशीबही कारण आहे.

फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर मोंते टॅनिसला १९२९पासून खणत होते. २७ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांना राजांच्या कबरी सापडल्या. पहिली निघाली ती दुसऱ्या ओसोर्कोनची, तीच भावांसाठी प्रार्थना करणाऱ्या बापाची. चोरांनी ती आधीच लुटली होती. पण शेजारच्या कबरीत, मार्चमध्ये, हाती लागली ससाण्याच्या तोंडाची चांदीची शवपेटी. इजिप्तमध्ये चांदी बाहेरून आणावी लागे, त्यामुळे तिचं मोल मोठं. आत होता दुसरा शोशेंक, चेहऱ्यावर सोन्याचा मुखवटा आणि मनगटात आपल्या पूर्वजाच्या, पहिल्या शोशेंकच्या नावाची कंकणं. घराण्याचा दागिना पिढ्यांमागून उतरत आला होता! त्रिभुज प्रदेशातल्या दमट मातीने लाकूड, कापड, देह सारं खाऊन टाकलं होतं. राहिलं होतं ते सोनं-चांदी आणि दगड.

तुतनखामेनची कबर १९२२ साली उघडली, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांना दुसरी बातमी नव्हती. टॅनिसचा शोध लागला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरं महायुद्ध पेटलं. खजिना कैरोच्या संग्रहालयात गेला आणि बातमी बॉम्बच्या आवाजात विरून गेली.

राजा कोणाचा?

अलीकडे मात्र शोशेंकचं नाव पुन्हा निघू लागलं आहे. उत्तर आफ्रिकेतले अमाझिग, ज्यांना बर्बर म्हणतात, ते आपली कालगणना इसवी सनपूर्व ९५०पासून मोजतात. १९८०मध्ये ठरवलेली ही गणना शोशेंकच्या राज्यारोहणाशी जोडलेली आहे. आपल्या शिवशकासारखाच हा प्रकार. त्यांचा नववर्षदिन, येन्नायेर, अल्जिरियाने २०१८पासून राष्ट्रीय सुट्टीचा केला. जानेवारी २०२१मध्ये तिथल्या तिझी उझू शहरात शोशेंकचा पुतळा उभारला आणि वाद पेटला. तो आमचा राजा, असं एक पक्ष म्हणाला. तो तर इजिप्तचा फॅरो, तुमचा इथे काय संबंध, असं दुसरा म्हणाला. त्याने रामसेसला हरवून गादी घेतली, अशी दंतकथाही सांगितली गेली. प्रत्यक्षात तिसरा रामसेस शोशेंकच्या दोनशे वर्षं आधी मरण पावला होता आणि शोशेंकने कुणाला हरवून गादी घेतल्याची नोंद नाही.

खुद्द शोशेंकला विचारलं असतं तर? त्याचं उत्तर अबायडोसच्या शिळेवर आहेच. बाप मेश्वेशांचा सरदार आणि त्याची पूजा इजिप्तच्या देवळात. दोहोंपैकी एक सोडावं लागेल, असं त्याला कधी वाटलंच नाही. त्याचं राज्य शेवटी बुडालं ते त्याच्या परकेपणाने नव्हे. ते बुडालं घरच्यांच्या वाटणीने. परक्यांना सामावून घेणं इजिप्तला साधलं. सख्ख्या भावांना एकत्र ठेवणं मात्र त्या राजांना साधलं नाही.